आपत्तीनंतर भेटीला आलेल्या उमेदवाराची कळकळ कशी ओळखावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आपत्ती येऊन गेली, निवडणूक तोंडावर आहे आणि एकामागून एक उमेदवार भेटून जात आहेत. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, कुणी चिखलात उतरलं, कुणी फिरकलंच नाही. यांतल्या कुणाला सामान्य माणसाचं दुःख खरोखर कळतं हे कसं ओळखायचं, आणि मत देताना त्याला किती वजन द्यायचं?

निवारा केंद्रं चालवणं आणि नंतरचं पुनर्वसन, या कामात मी बरीच वर्षं आहे. सत्ताधारी, विरोधक, अपक्ष असे सगळ्या तऱ्हेचे उमेदवार जवळून पाहिले आहेत. त्यावरून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. त्यांच्या मनात डोकावायचा प्रयत्न करू नका. मन तुम्हाला दिसणार नाही, मलाही कधी दिसलं नाही. भेटीनंतर त्यांनी कुणाकडे काय मागितलं, कोणता नियम बदलायला लावला आणि नुकसान मोजताना कुणाला धरलं, कुणाला वगळलं, हे मात्र दिसतं. निर्णय घ्यायला तेवढं पुरतं.

हेतू शुद्ध होता का, या प्रश्नात माणसं फार अडकतात, म्हणून आधी एक जुनी घटना सांगतो. ९ सप्टेंबर १९६५ च्या रात्री बेट्सी हे चक्रीवादळ अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यावर आदळलं आणि न्यू ऑर्लिन्स शहराचे सखल भाग पाण्याखाली गेले. दुसऱ्या दिवशी तिथले सिनेटर रसेल लाँग यांनी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना फोन केला. त्या संभाषणाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. लाँग यांनी लोकांचे हाल सांगितले, आणि त्याच दमात हेही सांगितलं की गेल्या वर्षी तुम्ही आमचं राज्य हरलात, आत्ता येऊन गेलात तर ते परत मिळवता येईल. जॉन्सन त्याच दिवशी न्यू ऑर्लिन्सला पोहोचले. एका शाळेत लोक आसऱ्याला होते, वीज नव्हती, प्यायला पाणी नव्हतं. अंधारात कोण आलंय हे लोकांना कळावं म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर विजेरीचा झोत धरला गेला, आणि मी तुमचा राष्ट्राध्यक्ष आहे, मदत करायला आलो आहे, असं त्यांनी मोठ्याने सांगितलं.

ही कळकळ खरी होती की मतांसाठी होती? दोन्ही होतं, आणि ते वेगळं काढता येत नाही. काढायची गरजही नाही. त्या भेटीनंतर काय झालं ते पाहा. पुढच्याच महिन्यात अमेरिकी काँग्रेसने न्यू ऑर्लिन्सभोवती बांध आणि पूरभिंती उभारण्याच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. बेट्सीनंतरच्या मदत कायद्यातून पूरविम्याचा अभ्यास सुरू झाला आणि १९६८ मध्ये राष्ट्रीय पूरविमा योजना आली. मतांचा हिशेब मनात असलेल्या माणसाच्या हातून हे सुरू झालं. निवारा केंद्रातल्या बाईला त्या हिशेबाशी काय करायचं आहे? तिच्या घरात पुन्हा पाणी शिरणार की नाही, हा तिचा प्रश्न आहे.

पण हीच गोष्ट पुढे कशी वळली तेही बघायला हवं, कारण तुमच्या प्रश्नाचा अवघड भाग तिथे आहे. तो बांधांचा प्रकल्प साधारण १३ वर्षांत पूर्ण व्हायचा होता. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ आलं तेव्हा, म्हणजे ४० वर्षांनंतरही, तो अपुरा होता. ज्या भिंती उभ्या होत्या त्यांतल्याही काही रचनेतल्या दोषांमुळे कोसळल्या आणि शहराचा जवळजवळ ८० टक्के भाग बुडाला. मधल्या काळात निवडणुका होत राहिल्या, माणसं बदलत राहिली. कुठल्याही प्रचारात अर्धवट बांध हा भावनेचा विषय होत नाही. त्याच्यापाशी उभं राहून कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

कॅटरिनाचं नाव काढलं की लोकांना विमानाच्या खिडकीतून खाली पाहणारे जॉर्ज बुश आठवतात. ३१ ऑगस्टचं ते छायाचित्र त्यांना फार महागात पडलं आणि ती चूक होती हे त्यांनी नंतर स्वतः मान्य केलं. ते छायाचित्र बोचलं याचं कारण लोकांना कळत होतं: खाली माणसं छपरांवर अडकली होती आणि देशाचा प्रमुख वरून निघून गेला. तरीही मला त्या छायाचित्राहून दोन दिवसांनंतरचा प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. २ सप्टेंबरला बुश प्रत्यक्ष त्या भागात उतरले, आणि केंद्रीय आपत्ती यंत्रणेचे प्रमुख मायकेल ब्राउन यांची त्यांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्या वेळी न्यू ऑर्लिन्समध्ये हजारो माणसं अन्नपाण्याविना सुटकेची वाट पाहत होती. दहा दिवसांत ब्राउन यांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे बुश तिथे आले, लोकांना भेटले, त्यांना वाईट वाटलं असेल याबद्दलही मला शंका नाही. पण कामाची स्थिती काय आहे हे त्यांनी अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं, पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून नव्हे. ही पहिली खूण मी पाहतो. उमेदवार आला की त्याला माहिती कोण देतं? सोबतचा कार्यकर्ता, अधिकारी, की तिथे राहणारी माणसं? आणि लोकांनी सांगितलेलं अधिकाऱ्याच्या सांगण्याशी जुळलं नाही, तर तो तिथेच थांबून विचारतो का?

आता जर्मनीचं उदाहरण घेऊ, कारण तिथे एकाच विषयावर दोन निवडणुका दोन वेगळ्या दिशांना गेल्या. ऑगस्ट २००२ मध्ये एल्बे नदीला मोठा पूर आला. चान्सलर, म्हणजे तिथल्या सरकारचे प्रमुख, गेऱ्हार्ड श्र्योडर निवडणुकीत मागे होते. ते रबरी बूट घालून ग्रिमा या बुडालेल्या गावात पोहोचले आणि ते छायाचित्र देशभर गेलं. २२ सप्टेंबरला मतदान झालं तेव्हा दोन्ही मोठ्या गटांना ३८.५ टक्के मतं मिळाली, फरक फक्त सहा हजारांच्या आसपास मतांचा होता, आणि श्र्योडर टिकले. मायकेल बेख्टेल आणि येन्स हाइनम्युलर या अभ्यासकांनी नंतर पूरग्रस्त भागांतली मतं तपासली. त्यांच्या मते पुराच्या हाताळणीमुळे तिथे श्र्योडर यांच्या पक्षाला सुमारे ७ टक्केबिंदूंचा फायदा झाला, आणि त्यातला साधारण चौथा हिस्सा २००५ च्या निवडणुकीपर्यंत टिकला.

सगळे त्या बुटांबद्दल बोलतात. माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट दुसरीच होती. श्र्योडर यांच्या सरकारने ठरलेली करकपात एक वर्ष पुढे ढकलली आणि तो पैसा पुनर्बांधणीकडे वळवला. निवडणुकीच्या महिनाभर आधी, सगळ्या देशाला मिळणार असलेली सवलत थांबवून बुडालेल्यांना पैसा द्यायचा, हा निर्णय सोपा नव्हता. त्यात काहीतरी पणाला लागलं होतं. चिखलात जायला बूट पुरतात. ज्यांचं काही बुडालं नाही अशा मतदारांना 'तुम्ही थोडं थांबा' असं सांगायला मात्र जोखीम घ्यावी लागते. उमेदवाराची कळकळ मोजायची असेल तर मी हेच विचारतो: हे दुःख कमी करण्यासाठी तो कुणाची नाराजी ओढवून घ्यायला तयार आहे? नदीकाठी इमारती बांधणाऱ्याची? स्वतःच्या पक्षाच्या खजिनदाराची? जिथे पूर आलाच नाही तिथल्या मतदाराची? या प्रश्नाचं उत्तर नसलेली सहानुभूती फुकटात मिळते.

दुसरी निवडणूक २०२१ ची. जुलैमध्ये जर्मनीच्या पश्चिम भागात पूर आला, १८० हून जास्त माणसं गेली. चान्सलरपदाचे उमेदवार आर्मिन लाशेट हे नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया या पूरग्रस्त राज्याचे मुख्यमंत्रीही होते. १७ जुलैला एर्फ्टश्टाट गावात राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर गंभीरपणे बोलत होते आणि मागे लाशेट कुणाशी तरी हसत असल्याचं कॅमेऱ्यात दिसलं. त्यांनी माफी मागितली, पण ते हसू प्रचारभर त्यांच्यामागे लागलं. सप्टेंबरमध्ये त्यांच्या गटाला २४.१ टक्के मतं मिळाली, तोवरच्या इतिहासातली सर्वांत कमी.

इथे माझं मत बऱ्याच लोकांना पटत नाही. ते हसू अशोभनीय होतं, मान्य. पण आपत्तीच्या जागी हसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यात स्वतःचं घर गमावलेलीही होती. ताणाखाली माणूस कधीही हसतो. त्या पुरातला माझ्या मनातून न जाणारा प्रसंग त्या हसण्याचा नाही. आर नदीजवळच्या झिन्त्सिग गावात अपंग व्यक्तींच्या निवासात तळमजल्यावरचे १२ जण रात्री बुडून मेले. पाणी येणार याचे अंदाज आधीपासून होते. ते या माणसांपर्यंत, त्यांना वरच्या मजल्यावर नेऊ शकणाऱ्या हातांपर्यंत वेळेत पोहोचले नाहीत. उमेदवारांना विचारायचा प्रश्न हा होता: पुढच्या वेळी तळमजल्यावरच्या, स्वतः चालू न शकणाऱ्या माणसाला कोण उठवणार, आणि त्या रात्री तिथे किती कर्मचारी असतील? त्या एका चित्रफितीवर जेवढी चर्चा झाली, त्याच्या तुलनेत या प्रश्नाला फार थोडी जागा मिळाली याचं मला अजून वाईट वाटतं.

यात आपला, म्हणजे मतदारांचाही हात आहे आणि तो लपवून उपयोग नाही. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा यांनी २००९ मध्ये अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध केला. आपत्तीनंतर वाटलेल्या मदतीबद्दल मतदार सत्ताधाऱ्याला मतं देतात, आपत्तीआधीच्या तयारीवर केलेल्या खर्चाबद्दल देत नाहीत, असं त्यांना आढळलं. आणि तयारीवर घातलेला १ डॉलर पुढचं सुमारे १५ डॉलरांचं नुकसान वाचवतो असा त्यांचा अंदाज होता. भारतातल्या राज्यांच्या निवडणुकांवर शॉन कोल, हीली आणि एरिक वर्कर यांनी केलेल्या अभ्यासातही याच जातीचं चित्र दिसतं: पाऊस फार कमी किंवा फार जास्त झाला तर मतदार सत्ताधाऱ्याला शिक्षा करतात, सरकारने जोमाने मदत केली तर ती शिक्षा सौम्य होते. उमेदवार हे सगळं ओळखून असतात. त्यासाठी त्यांना अभ्यास वाचावे लागत नाहीत. मदतीची पाकिटं वाटली की लोक लक्षात ठेवतात आणि नाला साफ ठेवला तर कुणाच्या ध्यानातही येत नाही, हे त्यांना पहिल्या दोन निवडणुकांतच कळतं.

याला अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर तिथे चक्रीवादळ निवारे बांधले गेले, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले, इशारा शेवटच्या घरापर्यंत नेण्याची पद्धत बसवली गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन हे जबरदस्त वादळ आलं तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृतांचा आकडा काही डझनांत राहिला. २००० मध्ये मुख्यमंत्री झालेले नवीन पटनायक २०२४ पर्यंत त्या पदावर होते. ते केवळ यामुळे निवडून येत राहिले असं मी म्हणणार नाही. पण तयारीचं काम करणारा माणूस निवडणूक हरतोच, असंही नाही. ज्या माणसाचा जीव वाचला त्याला आपण कशामुळे वाचलो हे दिसत नाही, आणि ते दाखवून देणं हे आमच्यासारख्यांचं आणि तुमच्यासारख्या विचारणाऱ्यांचं काम आहे.

भेटीच्या वेळेबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण 'अमुक पहिला पोहोचला' याला लोक फार महत्त्व देतात. पहिले दोन-तीन दिवस माणसं शोधायचे असतात. त्या वेळी मोठा ताफा आला की रस्ता अडतो, पोलीस बंदोबस्तात अडकतात, निवारा केंद्राच्या प्रमुखाचे दोन-तीन तास स्वागतात जातात. औषधं वाटणारी मुलं रांगेत उभी केली जातात. ज्या उमेदवाराला हे कळतं तो फोन करून विचारतो: आत्ता येऊ की नंतर? आलोच तर किती माणसं आणू? असं विचारणारे थोडे असतात, पण असतात. सर्वोच्च पदावरच्या माणसाचं गणित निराळं आहे. त्याच्या येण्याने अडलेली यंत्रणा हलू शकते, त्यामुळे त्याने लवकर यावं. मात्र त्याच्या मागोमाग मदत पोहोचलीच पाहिजे. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू वादळ फ्लोरिडावर आदळलं. निवडणूक लढवत असलेले राष्ट्राध्यक्ष थोरले बुश त्याच दिवशी तिथे येऊन गेले. तीन दिवसांनी तिथल्या आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रमुख केट हेल यांनी पत्रकारांसमोर उघड विचारलं की मदतीची फौज आहे तरी कुठे? त्यानंतर सैन्य मोठ्या संख्येने आलं. भेट आधी आणि पाणी नंतर, हा क्रम लोक विसरत नाहीत.

जो सत्तेत नाही त्या उमेदवाराची अडचण खरी असते, तिच्याकडे सहृदयतेने पाहा. त्याच्या हाती यंत्रणा नाही, आला तर राजकारण केलं म्हणतात, नाही आला तर निर्दय म्हणतात. २०१२ मध्ये सँडी वादळ २९ ऑक्टोबरला आलं, मतदान ६ नोव्हेंबरला होतं. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा विरोधी पक्षाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांच्यासोबत न्यू जर्सीत फिरले. प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी यांनी ओहायोत सभेच्या जागी वादळग्रस्तांसाठी डबाबंद अन्न आणि वस्तू गोळा केल्या. हेतू चांगला असेल, पण रेड क्रॉससारख्या संस्था अशा वेळी पैसे आणि रक्तदान मागतात, कारण सुट्या वस्तू निवडणं, बांधणं आणि पोहोचवणं यात माणसं आणि वाहनं अडकतात. आमच्या केंद्रांतही दर वेळी न मागितलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग साचतात, आणि ते हलवायला तीच माणसं लागतात जी म्हाताऱ्यांना पाणी देत असतात. काय पाठवू, असं विचारून मग पाठवणारा विरोधी उमेदवार माझ्या मते त्या परीक्षेत उत्तीर्ण होतो. सत्तेत नसलेल्याला आणखी एक मोठं काम करता येतं. मदतीत कोण सुटलं याची यादी करायची, ती अधिकाऱ्यांपुढे ठेवायची आणि ती पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा करायचा. त्याला पद लागत नाही.

लोक चिडतात तेव्हा उमेदवार काय करतो, हे जवळून बघा. डिसेंबर २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात वणवे पेटलेले असताना पंतप्रधान स्कॉट मॉरिसन कुटुंबासह हवाईला सुट्टीवर होते. दोन स्वयंसेवक अग्निशामकांचा मृत्यू झाल्यावर ते परतले. २ जानेवारी २०२० ला ते कोबार्गो या जळालेल्या गावात गेले. एका बाईने हात मिळवायला नकार दिला, आधी ग्रामीण अग्निशमन दलाला जास्त पैसा द्या म्हणाली. मॉरिसन यांनी तिचा हात स्वतःच उचलून हातात घेतला आणि पुढे वळले. ती काय मागत होती ते नेमकं, करता येण्यासारखं आणि महत्त्वाचं होतं. त्यांनी ऐकायला हवं होतं. घर गेलेल्या माणसाच्या रागात बहुतेक वेळा एखादी ठोस मागणी असते. राग झेलत उभा राहून ती मागणी वेचून घेणारा माणूस मला मिठी मारणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. स्पेनमध्ये २९ ऑक्टोबर २०२४ च्या व्हॅलेन्सियाच्या पुरात २२० हून अधिक लोक मेले. मोबाइलवरचा इशारा रात्री आठनंतर गेला, तोवर अनेक गावं बुडाली होती. पाच दिवसांनी राजे फेलिपे आणि नेते पाइपोर्ताला गेले तेव्हा लोकांनी त्यांच्यावर चिखल फेकला. राजे थांबून लोकांशी बोलत राहिले. प्रांताचे प्रमुख कार्लोस मासोन यांना मात्र, इशारा रखडला त्या दुपारी तुम्ही कुठे होता, या प्रश्नाने शेवटपर्यंत सोडलं नाही, आणि वर्षभराने त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. लोकांनी त्यांना शोक करायला सांगितलं नव्हतं, त्या तासांचा हिशेब मागितला होता.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यावर माझा सर्वांत जास्त वेळ जातो: कागद. कॅमेरे गेल्यावर आपत्तीग्रस्त माणसाचं आयुष्य कागदांभोवती फिरतं. नुकसानीची नोंद झाली का? घर कुणाच्या नावावर आहे? भाडेकरूला काय मिळणार? ज्या बाईच्या नावावर काहीच नाही, नवरा दूर आहे किंवा नाही, तिने अर्ज कुठे करायचा? वाहून गेलेल्या ओळखपत्राऐवजी काय चालेल? २० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळाने अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको या बेटाची वाताहत केली. दोन आठवड्यांनी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प तिथे गेले आणि त्यांनी गर्दीत कागदी रुमालांच्या गुंडाळ्या फेकल्या. ते दृश्य जगभर गाजलं. त्याच्या कितीतरी पलीकडचं दुःख शांतपणे चाललेलं होतं: अनेक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत असलेल्या घरांत होती पण मालकीची कागदपत्रं नव्हती, आणि त्यामुळे त्यांचे मदतीचे अर्ज नाकारले जात होते. केंद्रीय यंत्रणेने मालकीच्या पुराव्याचे नियम सैल केले ते सप्टेंबर २०२१ मध्ये, चार वर्षांनी. या चार वर्षांत कुणाचं छप्पर ताडपत्रीचं राहिलं असेल याचा विचार करा.

मृतांच्या मोजणीचंही तसंच. पोर्तो रिकोत अधिकृत आकडा बरेच महिने ६४ होता. वीज नसल्याने बंद पडलेली श्वसनयंत्रं, न मिळालेलं डायलिसिस, न मिळालेली औषधं यांनी गेलेले त्यात नव्हते. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या सरकारने २,९७५ हा अंदाज स्वीकारला. ट्रम्प यांनी तो आकडा नाकारला. आपलं माणूस वादळाने गेलं हे सरकारी वहीत लिहिलं जावं, एवढीच अनेक घरांची मागणी असते. पैशाआधी ती असते. ज्या उमेदवाराला मोजणीत सुटलेल्यांची आठवण येते त्याला आपत्ती समजली आहे असं मी धरतो.

एक इशारा द्यायला हवा. कळकळ आपल्याच माणसांपुरती राहण्याचा धोका मोठा असतो, अगदी प्रामाणिक माणसातही. ज्या चेहऱ्यांत आपण स्वतःला पाहतो त्यांचं दुःख आपल्याला लवकर भिडतं. अमेरिकेत आपत्ती जाहीर करण्याच्या निर्णयांवर झालेल्या अभ्यासांत, निवडणुकीच्या दृष्टीने महत्त्वाच्या राज्यांना झुकतं माप मिळाल्याचं दिसलं आहे. म्हणून उमेदवार तुमच्या वस्तीत काय बोलला एवढंच पाहू नका. ज्या वस्तीतून त्याला मत मिळणार नाही तिथे तो गेला का? हंगामी मजूर, परगावचे लोक, मतदार यादीत नाव नसलेले, यांच्यासाठी त्याने काही मागितलं का? तिथे त्याला मिळण्यासारखं काहीच नसतं, त्यामुळे तिथलं वागणं बरंच बोलकं असतं.

छायाचित्रांबद्दलही एक वाक्य. मदत घेताना माणसाचा चेहरा टिपायचा असेल तर आधी त्याला विचारावं, आणि नाही म्हणाला तर मदत तेवढीच मिळावी. ज्यांच्या कार्यकर्त्यांनी मदत हातात देण्याआधी 'इकडे बघा' म्हटलं, त्यांच्याबद्दल माझं मत वाईट होतं आणि ते सहसा बदलत नाही.

मत देताना किती वजन द्यायचं? अश्रूंना फार थोडं. भेटीला थोडं, कारण उद्ध्वस्त माणसाला कुणीतरी येऊन बोलावं याची गरज असते आणि ती भेट त्याला खरंच धीर देते. ती मी कमी लेखत नाही. बाकीचं सगळं वजन आधीच्या आणि नंतरच्या कामाला द्या. उमेदवार आधी कुठल्या पदावर असेल तर आपत्तीच्या तयारीच्या तरतुदींवर तो काय बोलला आणि कुठल्या बाजूने मत दिलं, ते शोधा. सार्वजनिक नोंदींत ते बहुतेक वेळा सापडतं.

आणि पुढच्या भेटीत त्याला समोरासमोर विचारा. घराचे कागद नसलेल्यांची आणि भाडेकरूंची नोंद कुणी करायची आणि कोणत्या तारखेपर्यंत? इशारा या वेळी किती वाजता मिळाला, आणि पुढच्या वेळी तो किती आधी मिळावा म्हणून काय बदलणार? अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरनिहाय यादी कुणाकडे आहे? पाणी जिथे शिरलं तिथे पुन्हा बांधकामाची परवानगी मिळणार का, आणि नाही तर तिथल्या लोकांनी जायचं कुठे? पहिली मदत संपल्यावर, सहा महिन्यांनी, तक्रार घेऊन कुणाच्या दारात जायचं? उत्तर लगेच न आलं तरी हरकत नाही. 'मला माहीत नाही, चौकशी करून कळवतो' हे चांगलं उत्तर आहे, पुढच्या आठवड्यात त्याने खरोखर कळवलं तर. त्याने काय सांगितलं ते तारखेसह लिहून ठेवा, दोन-चार शेजाऱ्यांच्या सह्या घ्या आणि त्याची एक प्रत त्याच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. तो निवडून आला तर हाच कागद घेऊन तुम्हाला त्याच्याकडे जायचं आहे, आणि हरला तर जिंकलेल्याकडे.